अकरा गिअरबॉक्स आणि माझा डावा कान

दोन महिन्यांत मी अकरा गिअरबॉक्स नापास केले. अकराच्या अकरा ठणठणीत होते. बिघाड होता तो माझ्या डाव्या कानात. तो कळायला जेवढा वेळ लागला तो लागलाच, पण कळल्यावरही मी तीन आठवडे तोंड उघडलं नाही, आणि ह्या सगळ्यात एका भल्या माणसाचं नाव खराब करून बसले.

हे लिहायला घेतलंय ते ज्यांच्या कानात असंच काहीतरी टकटकतंय आणि ज्यांना घरचे, शेजारचे, डॉक्टर सगळे मिळून "टेन्शन घेऊ नका" एवढंच सांगताहेत, त्यांच्यासाठी. आधीच सांगून टाकते, मी आता बरी आहे. उगाच जीव टांगणीला लावून वाचू नका.

*

मी मंजिरी, मूळची कराडची. निखिलशी लग्न झालं आणि त्याच्या नोकरीमागे चेन्नईला आले, त्याला आता नऊ वर्षं झाली. तो कॉम्प्युटरवाला, मी मेकॅनिकलवाली. अंबत्तूरच्या एका कारखान्यात लागले. तिथे मोटारींचे गिअरबॉक्स जुळवतात आणि माझं काम ते ऐकायचं. हसू नका, पगार ह्याचाच मिळतो.

काचेची एक बंद खोली आहे, साउंड रूम. जुळवून आलेला गिअरबॉक्स तिथे मोटरवर फिरवायचा. मीटर आपला आलेख काढत बसतं. मग आम्ही काडी लावतो. काडी म्हणजे हातभर लांब लोखंडी सळई आणि तिच्या मागे एक रबरी नळी. सळईचं टोक गिअरबॉक्सला टेकवायचं, नळी एका कानात घालायची आणि डोळे मिटून ऐकायचं. गिअरच्या दाताला धातूचा कीस चिकटून राहिला असेल, बेअरिंग नीट बसलं नसेल, तर कानाला कळतं. मीटर काही का म्हणेना, आमच्याकडे कानाचा शब्द शेवटचा. गाडी चालवणारा माणूस काही मीटर घेऊन बसत नाही.

ही काडी धरायला मला शिकवली सेल्वम अण्णांनी. जुळणीच्या लाईनवरचे ते सगळ्यात जुने फिटर, बावीस वर्षं झालेली. मी नवीन होते तेव्हा मला तमिळ येत नव्हतं आणि त्यांना हिंदी. त्यांनी माझा हात धरून सळई एका बेअरिंगवर ठेवली आणि मान डोलावली. मग दुसऱ्यावर ठेवली आणि तोंड वाकडं केलं. चांगलं, वाईट. तेवढ्या दोन खुणांवर मी शिकले, तमिळ नंतर आलं. पुढे इतकी तयार झाले की लोक म्हणायला लागले, मीटर चुकेल पण मंजिरी मॅडम चुकायच्या नाहीत. आणि मूर्खासारखं मलाही ते पटलं.

*

पहिली टकटक ऐकली ती एका सकाळच्या पाळीत. गिअरबॉक्स फिरत होता, वेग वाढला, आणि तीन टकटक. जरा थांबून एक. मग परत तीन. मोटर बंद केली की आवाज बंद. मीटरची रेघ सपाट. मी लाल चिठ्ठी लावली आणि पुढचा घेतला. त्या आठवड्यात आणखी दोन निघाले.

सेल्वम अण्णांची आणि माझी पाळी एकच असायची, त्यामुळे मी नापास करायची ते सगळे त्यांच्याच हातचे. ते उघडले की आत काही सापडायचं नाही. परत जुळवून दुसऱ्या पाळीच्या माणसाने ऐकले की आवाज गायब. मग ह्याचा अर्थ काय? पहिल्यांदा जुळवतानाच कुचराई झाली असणार. कागदावर तसंच लिहिलं गेलं. माझ्या हाताखालची देवी एकदा भीत भीत म्हणाली, "मॅडम, मला नाही ऐकू आलं." मी काय म्हणावं? "तुझा कान अजून तयार व्हायचाय." आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत एक द्यावीशी वाटते.

अकराव्या चिठ्ठीनंतर अण्णांना जुळणीवरून काढलं आणि पॅकिंगला बसवलं. जायच्या आधी ते साउंड रूमच्या दारात येऊन उभे राहिले.

"मॅडम, तुम्हाला खरंच ऐकू आलं?"

"आलं, अण्णा."

खोटं नव्हते बोलत. ते "सरी" म्हणाले आणि गेले. सरी म्हणजे ठीक आहे. त्यांना काहीही ठीक वाटत नव्हतं, हे मला दिसत होतं.

*

त्यानंतरच्याच रविवारी दुपारी मी घासलेली भांडी मांडणीवर लावत होते. स्टीलची ताटं एकावर एक ठेवली, खणखणाट झाला आणि डाव्या कानात सुरू. तीन, एक, तीन.

आधी वाटलं, फ्रिज वाजतोय. फ्रिज बंद केला. मग वाटलं, खालच्या मजल्यावर कुणी खिळे ठोकतंय. खिडकी लावून घेतली. मग एक ताट मुद्दाम ओट्यावर आपटलं. तीन, एक, तीन.

हा आवाज मी ओळखत होते. अकरा वेळा तो स्वतःच्या अक्षरात लिहून दिला होता.

खरं तर त्याच दिवशी फोन करून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. जिचं काम ऐकण्याचं, तिच्या कानातच आवाज आहे म्हटल्यावर तिला कोण ठेवेल? आणि नक्की कुठे माहीत होतं मला? कानातही असेल आणि गिअरबॉक्समध्येही असेल, अशी मी स्वतःची समजूत घालत राहिले. सोमवारपासून गुपचूप नळी उजव्या कानात घालायला लागले. कुणाच्या लक्षातही आलं नाही. उजव्या कानाला एकही टकटक ऐकू आली नाही. लाल चिठ्ठ्या थांबल्या.

आता गंमत बघा. गंमत कसली, पापच ते. कारखान्यात लोक म्हणायला लागले, "बघा, सेल्वमला हलवला आणि लाईन सुधारली." माझ्यासमोर म्हणायचे. मी चहाचा कप खाली ठेवून उठून जायची.

जेवायला कॅन्टीनमध्ये जाताना वाटेत पॅकिंगचं दार लागतं. मी मागून, पार्किंगला वळसा घालून जायला लागले.

*

डॉक्टरांचं म्हणाल, तर पहिल्यांनी मळ काढला. दुसऱ्यांनी थेंब दिले. तिसऱ्यांनी ऐकण्याची तपासणी केली आणि म्हणाले, कान फर्स्ट क्लास आहे, मनावर ताण दिसतो. कराडहून आई फोनवर म्हणाली, "लसूण घालून गोडेतेल कोमट कर आणि दोन थेंब सोड." तिसऱ्या डॉक्टरांना मी तेवढं विचारलं तर ते दचकलेच. तेव्हा तेल राहिलं.

मेंदूत काही असेल का, ही भीती मी कुणापाशी बोलले नव्हते. त्याच डॉक्टरांनी खात्रीसाठी एमआरआय काढायला सांगितला तेव्हा ती आपोआप बाहेर आली. त्या मशीनच्या धडधडाटात माझ्या कानाने असा काही धुमाकूळ घातला की मी आत पडल्या पडल्या रडले. रिपोर्ट मात्र स्वच्छ आला. निखिल खूष झाला. मीही झाले. पण टकटक होतीच, आणि आता तिला कारणसुद्धा उरलं नव्हतं.

घरात मी असह्य झाले होते, हे कबूल करते. मिक्सर लावायचा नाही, कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही, हळू बोल, दार हळू लाव. निखिल बिचारा चमचासुद्धा चोरासारखा खाली ठेवायचा. एक दिवस त्याचाही तोल गेला.

"मला जे ऐकूच येत नाही त्याच्याशी मी काय लढू, सांग ना!"

"म्हणजे मी खोटं बोलतेय?"

"तसं कुठे म्हटलं मी?"

म्हटलं नव्हतं. पण मला तेच ऐकू आलं, आणि दोन दिवस आम्ही कामापुरतं बोललो. तेव्हा एकदम सेल्वम अण्णा आठवले. मी ज्या ठिकाणी उभी होते तिथे मीच त्यांना उभं केलं होतं. कुणी विश्वास ठेवत नसेल तर माणूस किती एकटा पडतो, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

*

निखिलच्या ऑफिसातल्या कुणीतरी अड्यारचं एक हॉस्पिटल सुचवलं. टोकन घेऊन तीन तास बसलो. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी माझं सगळं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मधे एकदाही घड्याळाकडे न बघता. मग मला कान तपासणाऱ्या बाईंकडे पाठवलं.

साठीच्या आसपासच्या त्या बाई, हिऱ्याच्या कुड्या, कॉटनची साडी, वर पांढरा कोट. माझा कागद वाचून त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तुम्ही मराठी? आम्हीही मराठीच. तंजावूरचे." त्यांचं मराठी जुन्या पोथीतलं असावं असं, आणि चाल मात्र पक्की तमिळ. एका वाक्यात दोन शब्द मला कळायचे नाहीत, पण इतक्या डॉक्टरांमध्ये प्रथमच कुणीतरी माझ्या भाषेत "भिऊं नको" म्हणालं. तेवढ्यानेच माझे डोळे भरून आले.

बाईंनी कपाटातून एक साधी रबरी नळी काढली. एक टोक माझ्या डाव्या कानात घातलं, दुसरं स्वतःच्या कानात. मला हसूच आलं. अहो, आमची काडीच की ही, फक्त सळई नसलेली! त्यांनी पाणी प्यायचा स्टीलचा पेला घेतला आणि ट्रेवर टणकन आपटला.

तीन, एक, तीन.

बाई हलल्या नाहीत. मग बोट वर केलं. तीन वेळा हलवलं, थांबल्या, एकदा हलवलं, मग परत तीनदा. माझ्या कानात जे वाजत होतं ते त्या बोटाने दाखवत होत्या.

"मला ऐकूं येतंय," बाई म्हणाल्या.

मी हुंदके देऊन रडले. त्यांनी निखिलला बाहेरून बोलावून घेतलं आणि त्याच्याही कानात नळी दिली. परत पेला वाजवला. निखिलचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. "अरे," तो म्हणाला, "अरे, हे तर खरंच..." मग माझा हात हातात घेऊन बसला आणि सॉरी म्हणाला. मी म्हटलं, "आता मिक्सर लावत जा." दोघंही रडता रडता हसलो.

मग डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीतून पडद्यावर दाखवलं. कानाचा पडदा थरथरत होता, आपली पापणी लवते ना, तसा. कानाच्या आत दोन इवलेसे स्नायू असतात. मोठा आवाज झाला की ते आवळतात आणि कानाला सांभाळतात. माझ्या डाव्या कानातल्या स्नायूंना उचक्या लागल्या होत्या. आवाज ऐकला की उचकी सुरू, दर वेळी नाही, तिची लहर लागेल तेव्हा. जिवाला धोका नाही. त्यावर गोळ्या आहेत, नाही जमलं तर छोटंसं ऑपरेशन आहे. मला एवढंच समजलं आणि एवढंच पुरेसं होतं.

आवाज ऐकला की उचकी. म्हणजे गिअरबॉक्स फिरला की टकटक आणि थांबला की बंद. आता दोन्हीकडे असेल म्हणायला जागा उरली नव्हती.

*

परतताना निखिल म्हणाला, "कारखान्यात इतक्यात सांगू नकोस. आधी बरी हो. मग बघू." त्याचं काही चुकलं नाही, त्याला माझी काळजी होती.

"तीन आठवडे तेच करतेय रे मी," मी म्हटलं. "अण्णा तिथे खोकी बांधताहेत."

त्याने मान डोलावली. मग म्हणाला, "उद्या सोडायला येऊ?" मी नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांकडे जायच्या आधी मी पॅकिंगला गेले. अण्णा खोक्याला पट्टी लावत होते. माझी नजर त्यांच्या हातांवर गेली. हात स्वच्छ होते. नऊ वर्षांत त्या माणसाचे हात मी कधी स्वच्छ बघितले नव्हते, नखांच्या कडांना कायम काळं तेल असायचं. माझी पाठ केलेली वाक्यं सगळी विसरले.

"अण्णा, आवाज माझ्या कानात होता. गिअरबॉक्समध्ये नव्हता. तुमची काही चूक नव्हती. आणि हे मला तीन आठवड्यांपासून माहीत होतं."

अण्णांनी पट्टी कापली, खोकं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "मुलगी विचारते, अप्पा, हल्ली हाताला तेलाचा वास का येत नाही. मी सांगितलं, नवा साबण आणलाय." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मी तिथेच उभी राहिले. जायचं कुठे?

शेवटी ते उठले आणि साउंड रूमकडे चालू लागले. मी मागे. त्यांनी काडी उचलली, सळई उपसून टेबलावर ठेवली, नळी माझ्यापुढे धरली. न सांगता मला कळलं. मी एक टोक डाव्या कानात घातलं. दुसरं त्यांनी स्वतःच्या कानात घातलं आणि पाना घेऊन टेबलावर आपटला.

डोळे मिटून ऐकत होते. काम ऐकतात तसंच. मग दुसऱ्यांदा पाना आपटला, तिसऱ्यांदा आपटला. आणि त्यांनी तोंड वाकडं केलं, अगदी नऊ वर्षांपूर्वी केलं होतं तसं.

"अय्यो," ते म्हणाले, "दुखतं का, अम्मा?"

मॅडम नाही, अम्मा, घरच्या मुलीला म्हणतात तसं. मी नाही म्हटलं आणि रडले. त्या महिन्यात मी रडण्याचा विक्रमच केला असेल.

साहेबांना मी सगळं लिहून दिलं. अकरा गिअरबॉक्सांचे नंबर, माझं नाव, माझी चूक. दुसऱ्या दोघांनी ते परत ऐकले, सगळे पास. सेल्वम अण्णा त्याच आठवड्यात जुळणीवर परत गेले. साहेबांनी मला झापलं, आणि ते बरोबरच होतं. साउंड रूममधून काढून कागदपत्रांच्या टेबलावर बसवलं. "कान बरा झाल्याचं पत्र आण, मग बघू," म्हणाले. हाकलून नाही दिलं, ह्याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे.

*

गोळ्यांनी झोप फार यायची आणि टकटक थोडीच कमी व्हायची. कॉफीही बंद केली. चेन्नईत राहून फिल्टर कॉफी बंद म्हणजे काय शिक्षा आहे, ते इथे राहणाऱ्यालाच कळेल! शेवटी ऑपरेशन ठरलं. त्या दोन स्नायूंच्या बारीक दोऱ्या कापायच्या. ऐकू येणं जाईल का, ही एकच भीती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शक्यता अगदी थोडी, पण नाहीच असं सांगणार नाही." खरं सांगितलं म्हणून मला धीर आला.

आई कराडहून आली, बरोबर मेतकूट आणि तेलाची बाटली. बाटली मी लपवून ठेवली. हॉस्पिटलात सकाळी सहाला ताप बघायचे, सातला इडली, आठला एक सिस्टर येऊन माझं नाव दर वेळी नव्या पद्धतीने उच्चारायची. मंजरी, मांजिरी, मंजुळा. तिच्यामुळे मी ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा हसले. तंजावूरच्या बाई मुद्दाम वर येऊन डोक्यावर हात ठेवून गेल्या. भूल फक्त कानापुरती होती. आत काहीतरी खुटखुटलं, मग कुणीतरी म्हणालं, "झालं."

तीन आठवडे कानात बोळा होता. सगळं जग रजईखाली गेल्यासारखं. बोळा काढला त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय ऐकू येतंय?" मी थांबले. बाहेर एक कावळा, पंख्याची घरघर, निखिलच्या खिशातल्या किल्ल्या. त्यांनी पेला ट्रेवर आपटला.

पेल्याचा आवाज आला आणि विरून गेला. त्यामागून काहीही आलं नाही.

मोठे आवाज आता जरा टोचतात. बसचा हॉर्न, लग्नातला नादस्वर. दिवाळीत खिडक्या लावून बसते. एवढंच. तुमच्या कानात असं काही होत असेल तर नळी लावून ऐकणारं कुणीतरी शोधा. आणि घरातल्या माणसाला ऐकू येत नसेल तर त्याच्यावर फार रागावू नका, त्याला नळी मिळालेली नसते.

*

पत्र दाखवल्यावर मला साउंड रूममध्ये परत घेतलं. मी देवीची माफी मागितली आणि साहेबांना सांगून एक नवा नियम करून घेतला. एकट्या कानाचा शब्द शेवटचा नाही. आवाज आला की दुसऱ्याने ऐकायचं, मगच चिठ्ठी.

दोन महिने सगळं छान चाललं. मग एका सकाळी, नळी डाव्या कानात, गिअरबॉक्स फिरतोय, आणि टक.

परत ऐकलं. टक. नळी उजव्या कानात घातली. टक. मीटरची रेघ सपाट. खाली जुळणाऱ्याचा नंबर बघितला, आणि तो सेल्वम अण्णांचा होता.

चिठ्ठीला हात लावायची माझी हिंमत होईना. देवीला ऐकायला सांगता आलं असतं, नियम तेवढाच होता. पण मी खाली गेले आणि अण्णांनाच बोलावलं. "अण्णा, एक ऐकता का? माझा कान असेल, सांगता येत नाही."

ते आले. नळी कानात घातली, सळई टेकवली, डोळे मिटले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभी राहिले. मी देवाचं नाव घेत होते, पण नक्की काय मागत होते ते मलाच कळत नव्हतं.

"इरुक्कु," ते म्हणाले. आहे.

त्यांनी स्वतःच तो टेबलावर घेऊन उघडला. गिअर काढला, दातावरून अंगठा फिरवला आणि एका दातापाशी थांबले. नखाने टोकरून काढलं आणि तळहात माझ्यापुढे केला. तांदळाच्या कणीएवढा धातूचा कीस, चकाकणारा. तळहात काळ्या तेलाने माखलेला होता.

"माझी चूक, मॅडम," अण्णा म्हणाले, आणि काडी उचलून माझ्या हातात परत दिली. "पुढचा लावा."